पाहुणा, गिऱ्हाईक आणि पर्यटक : बारामती-इंदापूर परिसरातील कृषिपर्यटनाची वाढ

एखादा नवा व्यवसाय उदयास आला म्हणजे त्याच्या भांडवलाची, जमिनीची आणि यंत्रसामग्रीची मोजदाद होते. त्याच्या शब्दसंग्रहाची सहसा होत नाही. वस्तुतः काही व्यवसाय असे असतात की, त्यांच्या वाढीचा वृत्तान्त त्यांच्या शब्दांच्या वृत्तान्तावाचून पुरा होत नाही. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ च्या सुमारास सुरू झालेला कृषिपर्यटनाचा व्यवसाय हे अशा प्रकारचे एक ठळक उदाहरण होय. शेत, गोठा, विहीर, चूल आणि भाकरी या गोष्टी तेथे आधीपासूनच होत्या. नवीन होते ते त्यांना एकत्र बांधणारे नाव, आणि त्या नावाने येणाऱ्या माणसाशी यजमानाने ठेवावयाचे नाते. यांपैकी नाव लवकर रूढ झाले. नात्याचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही.

या व्यवसायाचे प्रवर्तक पांडुरंग तावरे हे शेतकरी कुटुंबातील, संगणकशास्त्राचे पदवीधर. माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात सुमारे २० वर्षे काम केल्यानंतर त्यांनी ‘ॲग्री टूरिझम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’, म्हणजेच ए.टी.डी.सी., ही संस्था उभी केली. पुण्यापासून सुमारे ७० कि.मी. अंतरावरील पळशीवाडी येथे २८ एकर क्षेत्रावर तिचा पहिला, प्रायोगिक स्वरूपाचा प्रकल्प सुरू झाला. पुढे या उपक्रमास भारत सरकारचा राष्ट्रीय पर्यटन पुरस्कारही लाभला. १६ मे हा दिवस संस्था ‘जागतिक कृषिपर्यटन दिन’ म्हणून साजरा करते.

शेतावर शहरी माणसांना बोलावून त्यांची राहण्याजेवण्याची सोय करावी व त्याबद्दल मोबदला घ्यावा, ही कल्पना महाराष्ट्रात तत्पूर्वी अगदीच अपरिचित होती असे नव्हे. रायगड जिल्ह्यातील नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांची ‘सगुणाबाग’ त्याच्या किती तरी आधीपासून या प्रकारे चाललेली होती. तेव्हा पळशीवाडीचे वैशिष्ट्य आद्यत्वात शोधणे व्यर्थ आहे. ते आहे विस्ताराच्या पद्धतीत. ए.टी.डी.सी.ने आपला व्याप वाढविला तो नव्या जमिनी खरेदी करून नव्हे, तर इतरांच्या चालू शेतांना आपल्या नावाखाली आणून. शेतकऱ्यास प्रशिक्षण द्यावयाचे, त्याच्या शेताला ‘केंद्र’ म्हणावयाचे, शहरात त्याची जाहिरात करावयाची आणि येणारा माणूस त्याच्याकडे वळवावयाचा, अशी ही रीत होती. संस्थेने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार २०१४ च्या सुमारास ३० जिल्ह्यांत दीडशेहून अधिक केंद्रे तिच्याशी संलग्न होती; पुढील काळात हा आकडा तीनशेच्या वर गेला. या केंद्रांना भेट देणाऱ्यांची संख्या २०१४ मध्ये ४ लाख, २०१५ मध्ये ५.३ लाख आणि २०१६ मध्ये ७ लाख होती, असेही संस्थेच्याच पाहणीत नमूद आहे. हे आकडे ज्याने त्याने आपल्या विवेकाने घ्यावेत. वाढीची दिशा त्यांवरून स्पष्ट होते, एवढे खरे.

ही रीत किती वेगळी आहे, हे करमणूक-उद्यानांच्या वाढीशी तुलना केली असता ध्यानात येते. मुंबईत गोराई येथे १९८९ मध्ये ‘एस्सेलवर्ल्ड’ सुरू झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ मनमोहन शेट्टी यांनी २०१३ मध्ये ‘इमॅजिका’ उभारले. अशा उद्यानात पाहण्याजोगी प्रत्येक वस्तू आधी बांधावी लागते. शेकडो कोटींची रक्कम प्रथम गुंतवावी लागते, आणि येणाऱ्यांची संख्या अपेक्षेइतकी झाली नाही तर कर्जाचा बोजा अंगावर येतो. ‘इमॅजिका’च्या वाट्याला हेच आले, कर्जाची फेररचना होऊन २०२२ मध्ये तिचे नियंत्रण संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे गेले. उलट पळशीवाडीच्या पद्धतीत पाहण्याजोगी वस्तू, म्हणजे चालते शेत, पाहणारा येवो अथवा न येवो, आपल्या कारणाने अस्तित्वात असतेच. संस्थेस बांधावे लागते ते प्रामुख्याने त्या वस्तूचे वर्णन. या व्यवसायात भाषेला भांडवलाचे स्थान आले आहे ते यामुळेच.

आता या भांडवलाचे स्वरूप पाहू. ‘कृषिपर्यटन’ हा तत्पुरुष समास आहे. परंतु तो कोणत्या विभक्तीने सोडवावा याविषयी एकमत होणे कठीण. कृषीचे पर्यटन, कृषीसाठी पर्यटन, की कृषीतील पर्यटन? षष्ठीने सोडविल्यास शेती ही पाहण्याची वस्तू ठरते. चतुर्थीने सोडविल्यास पर्यटन हे शेतीच्या उपकारास्तव आहे असा अर्थ होतो. सप्तमीने सोडविल्यास शेत ही केवळ जागा उरते, तेथे शेती चालो वा न चालो. व्याकरणदृष्ट्या तिन्ही विग्रह निर्दोष आहेत. व्यवसायाच्या दृष्टीने मात्र त्यांतील अन्तर फार मोठे आहे, आणि पुढे शासनाला धोरण आखताना या तिन्हींमधून निवड करावी लागली, हे यथावकाश दिसून येईल. लेखनाचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. १९६२ च्या लेखन-नियमांनुसार सुटा शब्द ‘कृषी’ असा दीर्घ, तर समासाच्या पूर्वपदी तो ‘कृषि’ असा ऱ्हस्व. कागदपत्रांत आणि फलकांवर ‘कृषी पर्यटन’ असे दोन सुटे शब्द लिहिण्याचीच प्रवृत्ती अधिक आढळते. समास अजून बोलणाऱ्याच्या मनात पुरता एकजीव झालेला नाही, याचे हे चिन्ह मानावयास हरकत नाही. मोरोपंतांच्या बारामतीत समासाला वाण कधीच नव्हती. तेथील लोकांच्या तोंडी मात्र ‘ॲग्रो टुरिझम’ हेच रूप सर्रास ऐकू येते.

संस्थेच्या नावातील ‘कॉर्पोरेशन’ हे पदही विचारार्ह आहे. मराठीत त्यास ‘महामंडळ’ हा प्रतिशब्द रूढ झाला असून तो ऐकताच शासकीय संस्थेचा बोध होतो. १९७५ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आपल्या एम.टी.डी.सी. या आद्याक्षरांनी लोकांस परिचित होते. ए.टी.डी.सी. ही खासगी संस्था. पण तिच्या नावाचा घाट त्याच धाटणीचा आहे. परिचित साच्यात नवा आशय ओतण्याची ही नामकरणपद्धती सर्वत्र आढळते. शेताला ‘केंद्र’ म्हणण्यामागेही हाच न्याय आहे. ‘मळा’ एका कुटुंबाचा असतो. ‘केंद्र’ म्हटले की त्याची नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो, आणि अशी किती केंद्रे आहेत ते मोजता येते.

बाहेरून येणाऱ्या माणसाचे या परिसरातील स्थान समजण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची व सारा-आकारणीची गोल्डस्मिड व विंगेट यांची पद्धत प्रथम अमलात आली ती १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात. त्या वेळी बांधावर आलेला परका माणूस जमिनीची प्रत ठरविण्यासाठी आलेला होता. पुढे सावकार आला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे कर्जदार कुणबी उठले, सावकारांचे दस्तऐवज जाळण्यात आले, आणि दख्खनच्या दंग्यांस तोंड लागले; हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तिसरा परका मात्र या दोहोंहून निराळा. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी याच दोन तालुक्यांतून पंढरीस जाते. बेलवाडीस रिंगण होते. वारकऱ्यांच्या पंगती गावोगाव उठतात, आणि त्याचा हिशेब कोणी मांडीत नाही. सारा घेणारा, व्याज घेणारा आणि प्रसाद घेणारा अशा तीन परक्यांची ओळख या शिवाराला पूर्वीपासून आहे. काही घेऊन जाण्याऐवजी काही मोजून देणारा परका येथे नवखाच.

या नवख्या माणसास काय म्हणावे? कृषिपर्यटनाच्या सर्व जाहिरातींत आणि प्रशिक्षणांत त्याला ‘पाहुणा’ म्हटले जाते. निवड सहेतुक आहे व तीत चातुर्यही आहे. ‘पाहुणा’ हा शब्द प्राकृत ‘पाहुण’ या रूपातून आलेला असून त्याचे मूळ संस्कृत ‘प्राघुण’, ‘प्राघूर्णक’ या शब्दांत आहे. फिरत फिरत येऊन पोचलेला, हा त्याचा धात्वर्थ. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण बोलीत मात्र या शब्दाने बरीच मजल मारली आहे. ‘आमचे पाहुणे’ म्हणजे सोयरे, लग्नसंबंधाने जोडलेले लोक. मुलीसाठी स्थळ बघावयास आलेले तेही पाहुणेच. आणि वाटेत भेटलेल्या सर्वस्वी अनोळखी माणसालाही ‘काय पाव्हणं, गाव कंचं?’ असे विचारण्याची रीत आहे. या तिसऱ्या उपयोगात एक सामाजिक शहाणपण दडलेले आहे. अनोळखी माणसाचे नाव, जात वा हुद्दा विचारण्यापूर्वी त्याला एक निरुपद्रवी, मानाचे पद देऊन टाकले जाते. ते पद तात्पुरते असते आणि त्याची परतफेड पैशात होत नाही. पाहुणचाराची फेड पाहुणचारानेच व्हावयाची. आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे.

‘गिऱ्हाईक’ या शब्दाचा व्यवहार याच्या नेमका उलट चालतो. संस्कृत ‘ग्राहक’ याचेच हे रूपान्तर. गिऱ्हाईक लागते, तुटते, पटते, फिरकत नाही. पाहुणा येतो, राहतो, निघतो. गिऱ्हाइकाशी भाव ठरतो. पाहुण्यापाशी भावाची गोष्ट काढणे हा त्याचा आणि स्वतःचाही अपमान. गिऱ्हाईक तक्रार करू शकते, पाहुण्याने तशी करावयाची नसते; आणि पाहुण्याने काम पडल्यास उठून हात लावणे अपेक्षित असते, गिऱ्हाइकाकडून ती अपेक्षा नाही. कृषिपर्यटन-केंद्रात आलेल्या माणसाला ‘पाहुणा’ म्हणताना या दोन व्यवहारांची सरमिसळ होते. आगाऊ पैसे भरून आलेला माणूस हक्काने मागणी करतो, आणि त्याच्यापुढे ताट ठेवणारी गृहिणी मात्र आग्रह करण्याच्या मनःस्थितीत असते. तिच्या आग्रहाला व्यवहारात किंमत नाही, असे नव्हे. किंबहुना शहरी माणूस ज्यासाठी पैसे मोजतो त्यात हा आग्रह मोठाच आहे. पण तो रोज, ठरलेल्या वेळी, अनोळखी चाळीस माणसांना करावयाचा म्हणजे ते श्रम झाले, आणि ‘पाहुणचार’ या शब्दामुळे ते श्रम म्हणून मोजले जात नाहीत. या व्यवसायाचे अर्थशास्त्र मांडणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावयास हवा. भाकऱ्या थापणाऱ्या हातांची मजुरी दरात धरली आहे की घरच्या बायकांचे काम म्हणून सोडून दिली आहे, याचे उत्तर केंद्राकेंद्रागणिक निराळे येईल.

‘पर्यटक’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये सोयीस्कर तटस्थपणे उभा आहे. तो कागदावर वावरतो. समोरासमोर कोणी कोणाला ‘या पर्यटक’ असे म्हणत नाही.

अशीच हालचाल इतर शब्दांतही दिसते. घरात ताट वाढतात. केंद्रात थाळी असते. ‘शिवारफेरी’ हा शब्द कृषिविस्ताराच्या कामात, पीक पाहण्यासाठी तज्ज्ञांनी व शेतकऱ्यांनी मिळून घातलेल्या फेरीस योजला जात असे; अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तो त्या अर्थाने आजही चालतो. केंद्राच्या दिनक्रमात शिवारफेरी ही औक्षण, न्याहारी आणि बैलगाडीची सफर यांच्या पंगतीत जाऊन बसली आहे. मोट, पाभर, तिफण, खळे हे शब्द तर निराळ्याच वाटेने टिकले आहेत. विजेच्या पंपानंतर मोट विहिरीवरून गेली. केंद्रात ती दाखविण्यापुरती पुन्हा लावली जाते, आणि मुलांना तिचे नाव सांगितले जाते. शब्दाचे नाम शिल्लक राहिले. परंतु ‘मोट धरली’, ‘मोट सुटली’ यांसारखी त्याच्याभोवतीची क्रियापदे, ज्यांवरून दिवसाची वेळ सांगता येत असे, ती नामाबरोबर परत आली नाहीत. कोशकाराला याचे वाईट वाटेल. तथापि नाम तरी राहिले, हेही थोडे नव्हे. या प्रक्रियेचे पूर्ण टोक पाहावयाचे तर कोल्हापूरजवळील कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय पाहावे. तेथे बलुतेदारांसह सारे गाव पुतळ्यांच्या रूपाने उभे आहे. तेथील कुणब्याला पीक काढावयाचे नाही आणि त्याला पाहुण्याचा आग्रहही करावा लागत नाही. खोपोलीचे बांधलेले नवल, कणेरीचे घडविलेले गाव आणि पळशीवाडीचे चालते शेत या एकाच पट्ट्यावरील तीन जागा होत, आणि त्यांच्यामधील अन्तर कायम राहील अशी हमी कोणी देऊ शकत नाही. चालत्या शेताला नुसत्या देखाव्याकडे ओढणारे बळ उघड आहे : देखाव्याला पाऊस लागत नाही.

पावसाचा उल्लेख येथे अलंकारासाठी केलेला नाही. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला, आणि बारामती-इंदापूरचे कालव्याखालील व कालव्याबाहेरील असे दोन भाग पडले. ‘बागायत’ आणि ‘जिरायत’ हे फारसी-अरबीतून आलेले शब्द येथे जमिनीच्या प्रतीइतकेच माणसाच्या ऐपतीचे वाचक झाले. गंमत अशी की, ‘जिरायत’ याच्या मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता ‘शेती’ एवढाच आहे. कोरडवाहूपणाचा अर्थ त्याला मराठीत चिकटला. कालव्याखाली ऊस आला, वालचंदनगर वसले, पुढे सहकारी साखर कारखाने निघाले, आणि १९७१ मध्ये अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने बारामतीस ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट स्थापन झाला; त्याच्या परिसरात भरणारे ‘कृषिक’ हे प्रदर्शन प्रत्यक्ष उभ्या पिकांसह शेती दाखविते, पण ते शेतकऱ्यांसाठी. जिरायत भागाला या सगळ्याचा लाभ उशिरा आणि अपुरा मिळाला. पाऊस चुकलेल्या वर्षी ज्याच्या शेतात विकण्याजोगे काही उरत नाही, त्याला शेत दाखवून चार पैसे मिळाले तर तो घर सोडून पुण्याच्या कारखान्यात जाणार नाही, हे या व्यवसायाचे सर्वांत बळकट समर्थन आहे. पण पाऊस चुकलेल्या वर्षी दाखवावयाचे काय, हा प्रश्नही त्याच्यासोबतच येतो.

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या कृषिपर्यटन धोरणाने या प्रश्नाला अप्रत्यक्ष उत्तर दिले आहे. केंद्र चालविणाऱ्याकडे किमान १ एकर शेतजमीन असावी, शाळकरी मुलांच्या सहलींसाठी किमान ५ एकर असावी, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी व्हावी, अशा त्यातील अटी आहेत. वैयक्तिक शेतकऱ्यांखेरीज कृषी सहकारी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये व विद्यापीठे आणि शेतकऱ्यांनी स्थापन केलेल्या कंपन्या यांनाही नोंदणीची मुभा आहे. पूर्वी वर्णिलेल्या तीन विग्रहांपैकी केवळ सप्तमीचा, म्हणजे शेतात राहण्याची सोय एवढाच अर्थ घेणारा, या धोरणाने बाजूस सारला. शेतीशी निगडित नसलेल्या मालकाने रानात खोल्या बांधून त्यांस कृषिपर्यटन म्हणावे, हे त्यास अभिप्रेत नाही. ज्या शब्दाच्या बळावर एका खासगी संस्थेने आपला विस्तार केला, त्या शब्दाची व्याख्या आता शासनाच्या हाती आली. धोरण आले त्याच वर्षी महासाथीमुळे केंद्रे महिनोन्महिने बंद होती, आणि व्याख्येत बसणाऱ्यांनाही त्या वर्षी पाहुणा दिसला नाही, ही गोष्ट निराळी.

याच परिसरात, संस्थेवाचून आणि जवळजवळ नावावाचून, आणखी एक वाढ झाली आहे. तिचा उल्लेख केला नाही तर चित्र एकांगी होईल. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देवालय पाणी उतरले की अजून वर येते. जमीन गेलेल्या काठावर मासेमारी वाढली, भिगवण हे मासळीचे मोठे ठिकाण झाले, आणि हिवाळ्यात तेथे येणाऱ्या रोहित पक्ष्यांना पाहण्यासाठी पुण्यामुंबईचे लोक कुंभारगाव व डिकसळ येथे येऊ लागले. मासेमारांनी त्यांना नावांत बसवून पाण्यात नेले. घरी मासळीचे जेवण दिले. येथे कोणी समास घडविला नाही. ग्रंथात ‘रोहित’ किंवा ‘अग्निपंख’ असलेला पक्षी नाववाल्याच्या तोंडी ‘फ्लेमिंगो’ आहे, कारण पाहणाऱ्याने त्याला ते नाव देऊन विचारले. ‘पट्टकादंब’ तर पुस्तकातच राहिला. पळशीवाडीने आपले शब्द शहराला दिले. भिगवणने शहराचे शब्द घेतले. उत्पन्न दोन्हीकडे झाले, परंतु भिगवणच्या नाववाल्याला पाण्याच्या पातळीवर आणि पक्ष्यांच्या लहरीवर जितके अवलंबून राहावे लागते, तितके केंद्रचालकाला राहावे लागत नाही.

अखेर ‘हुरडा पार्टी’ या जोडशब्दाकडे वळणे प्राप्त आहे, कारण या व्यवसायाचा सर्वांत गर्दीचा हंगाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. रब्बी ज्वारीची कोवळी कणसे आगटीत भाजून, हातावर चोळून, गरम दाणे खावयाचे. सोबत चटणी, गूळ, दही. हुरडा विकण्याची चाल पूर्वी या भागात नव्हती. ज्याच्या शेतात कणसे भरली त्याने सोयऱ्यांना व मित्रांना निरोप धाडावयाचा, आणि त्यांनी रानात यावयाचे. हुरड्याला ‘बोलावतात’ हेच त्याचे क्रियापद. ‘पार्टी’ हा शब्द जोडला गेला आणि क्रियापद बदलले. पार्टी ‘बुक’ करतात. मात्र बदल केवळ क्रियापदापुरता राहिलेला नाही. एका पेरणीचा हुरडा जेमतेम दोन-तीन आठवडे खाण्याजोगा राहतो. पाहुणे दोन-अडीच महिने येतात. त्यामुळे गूळभेंडीसारखे गोड दाण्याचे वाण निवडून, थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने, पट्ट्यापट्ट्यांत पेरणी करण्याची पद्धत रूढ झाली आहे. ही ज्वारी खळ्यावर जात नाही. तिची कणसे कोवळी असतानाच खुडली जातात. धान्याची ज्वारी आणि हुरड्याची ज्वारी असा भेद त्यामुळे एकाच शेतकऱ्याच्या बोलण्यात आणि त्याच्या बांधावर, दोन्हीकडे पडला आहे. आणि हुरड्याच्या पट्ट्याचा कडबा हिरवाच कापून दावणीला टाकला जातो.